प्रेमा अडेल तिथे

उत्तम परब हा काही गमतीचा माणूस नव्हता, पण त्याची एक सवय मोठी गमतीची होती. मस्कतमध्ये एसी आणि पाण्याच्या पंपांची माहितीपुस्तकं लिहिण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली, आणि त्यातलं प्रत्येक पान छापायला देण्याआधी त्याने बायकोला वाचून दाखवलं. प्रेमा वेंगुर्ल्याची. तिला पंपातलं ओ की ठो कळायचं नाही, आणि त्याला नेमकं तेच हवं असायचं. ती कोलंबी सोलत ऐकायची, तो इंग्रजीचं मराठी करत वाचायचा, आणि ती जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करायचा. मी नसते तर अर्ध्या ओमानचे पंप उलटे बसले असते, असं ती म्हणायची आणि तो ते मुकाट्याने मान्य करायचा.

पुढे पंपांची कंपनी बंद पडली आणि उत्तम मस्कतच्याच अझैबा भागातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत लागला. काम तेच, लिहिण्याचं. माल मात्र अजब. जगात असे बाजार आहेत जिथे लोक उद्या काय घडेल यावर पैसे लावतात. निवडणूक कोण जिंकेल, वादळ कुठे धडकेल, काहीही. लोकांचा कल बदलला की तिथली टक्केवारी हलते. कंपनीचं सॉफ्टवेअर त्या टक्केवारीवर डोळा ठेवायचं आणि ती एकदम उसळली की गिऱ्हाइकाच्या एआय एजंटला, म्हणजे माणसाऐवजी काम बघणाऱ्या प्रोग्रामला, इशारा धाडायचं. गिऱ्हाइकाने पैज लावायची नाही, फक्त कल बघायचा. एजंट मग माणसाला न विचारता पुढचे हुकूम सोडायला मोकळा. हे सगळं कसं वापरायचं ते उत्तमने लिहायचं, आणि ते वाचणार कोण, तर एजंटच. उत्तमला याचं वाईट वाटायचं. पंपवाले निदान फोन करून शिव्या तरी द्यायचे.

पानावर एक नमुना इशारा द्यायचा होता. उत्तमच्या निम्म्या वयाच्या साहेबाने बजावलं की नमुना अगदी खऱ्यासारखा हवा, एजंट उदाहरणावरूनच शिकतो. उत्तमने जीव ओतून वादळाचा इशारा लिहिला. माबेला भागात उत्तमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर हर्णैचा यूनुस राहायचा. मासळीच्या कंपनीत गाड्यांचा सुपरवायझर. संध्याकाळी चहाला आला की किनाऱ्यावरच्या गोष्टी सांगत बसायचा. त्याच गोष्टी उत्तमने उचलल्या. 'वादळ किनाऱ्याला धडकण्याची शक्यता ऐंशी टक्क्यांवर. गाड्या किनाऱ्यावर पाठवू नयेत. होड्या वाळूवर वर ओढून उलट्या घालाव्यात.' नमुना हा शब्द त्याने वर मथळ्यात टाकला. इशाऱ्यात तो नव्हता.

तो हे वाचून दाखवत असताना प्रेमा अडली. हातातली कोलंबी हातातच राहिली.

"अहो, खरंच वादळ येतंय?"

उत्तम इतका खूश झाला की खूण करायचीच विसरला. त्याला ती दाद वाटली.

पुढचं सारं त्या न केलेल्या खुणेतून झालं. यूनुसच्या कंपनीने हेच सॉफ्टवेअर घेतलं. तिच्या एजंटाने शिकण्यासाठी उत्तमची पानं वाचली, नमुन्यालाच खरा इशारा मानलं आणि तो जसाच्या तसा यूनुसच्या फोनवर धाडला. यूनुसने बर्फाच्या गाड्या यार्डातच थांबवल्या. आभाळ स्वच्छ, दर्या शांत, आणि किनाऱ्यावर ढिगाने मासळी उन्हात नासली. कंपनीने निकाल दिला की एजंटाने फक्त सल्ला दिला होता, निर्णय सुपरवायझरचा. यूनुसला नोटीस मिळाली. इथे नोकरी गेली की व्हिसा गेला. त्याची बायको अमीरुन्निसा भांडी खोक्यात भरायला लागली.

उत्तमला हे कळलं ते यूनुसने चहा पिता पिता फोन पुढे धरला तेव्हा. पडद्यावर त्याचीच वाक्यं होती.

"उत्तमभाई, ज्याने हे लिहिलं ना, त्याला दर्या माहीत हाय," यूनुस म्हणाला. "म्हणून तर मी मानलं. आता खलास."

उत्तमने फोन परत दिला. मग यूनुसचा कप उचलून तो आणखी चहा आणायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबाला सांगितलं. साहेब शांत होता. चूक वापरणाऱ्याची, म्हणाला. इशाऱ्यात नमुना शब्द घाला आणि बाहेर एक अक्षर बोलू नका, बोललात तर इथलं काम संपलं समजा. उत्तमने निमूटपणे शब्द घातला. भित्रा म्हणायचं तर म्हणा, पण त्याचा कौशिक बारावीला होता, अल् घुब्राच्या शाळेत, परीक्षा तोंडावर आलेली. बापाची नोकरी गेली तर पोराचं वर्ष अधांतरी. घरी त्याने काहीच सांगितलं नाही. यूनुसच्या दारावरून जाताना चपला हातात घ्यायला लागला.

शुक्रवारी दुपारी अमीरुन्निसा वर आली. तिच्या हातात कढीलिंबाची कुंडी होती. विमानात नेता येत नाही, तुम्हीच सांभाळा, एवढं सांगून ती डोळे पुसत खाली गेली. प्रेमाने कुंडी गॅलरीत ठेवली. उत्तमने तिला पाणी घातलं. मग त्याने लॅपटॉप उघडला आणि यूनुसच्या कंपनीच्या मॅनेजरला मेल लिहायला घेतला. लिहून झाल्यावर, सवयीप्रमाणे, तो स्वयंपाकघरात कोलंबी सोलणाऱ्या प्रेमासमोर जाऊन बसला.

"हा इशारा बाजारातून आला नव्हता," त्याने वाचायला सुरुवात केली. "तो उदाहरण म्हणून मी लिहिला होता. यूनुस यांनी माझ्या शब्दांवर विश्वास ठेवला. दोष त्यांचा नाही, माझा आहे."

प्रेमाने मान वर केली. शेजारच्या खोलीत कौशिक केमिस्ट्री मोठ्याने पाठ करत होता.

"हे सांगायला माझ्या कंपनीची परवानगी नाही," उत्तमने पुढचं वाक्य वाचलं. "यात माझी नोकरी जाईल याची मला कल्पना आहे."

इथे तो स्वतःच थांबला. पेन्सिल त्याच्या हातात होती. प्रेमाने अडावं, काहीतरी विचारावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. तिने नको म्हटलं असतं तर त्याने ते वाक्य खोडलं असतं, कदाचित अख्खा मेलच. प्रेमाने कौशिकच्या दाराकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. पण कोलंबी सोलणं तिने थांबवलं नाही.

उत्तमने शेवटपर्यंत वाचलं. ती कुठेच अडली नाही.