मागच्या सीटचं पेडल

आमच्या शेडमध्ये विमान कधी आलं नाही. त्याचा तळहाताएवढा एक तुकडा आला, आणि त्या तुकड्याच्या भरवशावर मी माझी उमेदीची वर्षं घालवली.

शेड दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. आम्ही मूळचे पलूसकडचे. दादा हवाई दलात तंत्रज्ञ होता. निवृत्त झाल्यावर त्यानं साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मशीन मांडल्या. माझा डिप्लोमा झालेला, लग्न केलेलं नाही (त्यावर बोलायला नातेवाईक आहेतच, मी कशाला बोलू), म्हणून तपासणीचं टेबल माझ्याकडे आलं. तयार झालेला प्रत्येक भाग मोजायचा आणि पास-नापास ठरवायचा. कोयनेकडे जमीन जराशी हलली तरी माझ्या डायलचा काटा थरथरायचा. मग मी हात बांधून बसायची. शेडमधली पोरं म्हणायची, ‘ताईला भूकंप आधी कळतुया.’

तर विमान. वैमानिक तयार करायला एक नवं जेट बनत होतं. वर्तमानपत्रात त्याला शिकाऊ विमान म्हणायचे. शेजारचा टपरीवाला मला विचारायचा, त्याच्या पाठीवर तांबड्या रंगात एल काढणार का. दक्षिणेकडच्या मोठ्या कारखान्यात त्याचे नमुने तयार होत होते, आणि दादाच्या जुन्या ओळखीतून एक ब्रॅकेट बनवायला आमच्याकडे आला. मागच्या सीटच्या पेडलचा.

ते पेडल म्हणजे काय हे दादानं मला खुर्च्या मांडून दाखवलं होतं. प्लॅस्टिकची एक खुर्ची पुढे. मागे दोन खुर्च्या एकात एक घालून उंच केलेल्या. मला पुढे बसवलं आणि तो मागे बसला.

“फुडं शिकणारा, मागं मास्तर,” तो म्हणाला. “मास्तरची शीट उंच. त्येला सगळं दिसतंय, तुला त्यो दिसत न्हाई. दोघांची पेडलं एकमेकाला जोडल्याली. त्येनं पाय दाबला की तुझं बी पेडल फिरतंय. आन् तुला वाटतंय, इमान तूच चालवतीयास.”

मी हसले होते. लय भारी वाटलं होतं मला ते.

ब्रॅकेट मशीनवर घट्ट धरून ठेवायला आम्ही एक जाडजूड लोखंडी बैठक बनवली. पोरांनी तिचं नाव घोडी ठेवलं. नमुन्यांपुरते ब्रॅकेट झाले, माझ्या टेबलावर पास झाले, गेले. नमुने उडालेसुद्धा. आता मोठी ऑर्डर येणार, शंभरानं विमानं निघणार, असं दादा सांगू लागला. बाजारात तुरी म्हणतात तसा प्रकार, पण तुरी आम्हाला समोर दिसत होत्या. दादानं शेडची भिंत पाडून जागा वाढवली. मी घोडीसाठी वेगळा कोपरा धरून ठेवला, तिथे दुसरं काही ठेवू द्यायची नाही.

त्याच कारखान्यातल्या तपासणीच्या मॅडम आमचं काम बघायला एकदा साताऱ्याला आल्या होत्या. त्यांना माझा हात आवडला. नंतर त्यांचा फोन आला, आमच्याकडे या, जागा आहे. धावपट्टीच्या कडेला उभं राहून आपण मोजलेलं काही तरी आभाळात जाताना बघायचं, एवढीच माझी हौस होती. तरी मी नाही म्हटलं. ऑर्डर येणार होती ना. तो नकार माझा मी दिला, त्याचं खापर मी कुणावर फोडत नाही.

पुढच्या वर्षी त्यांचा पुन्हा फोन आला. या वेळी मी दादाला विचारलं. तो मशीनला टेकून भडंग खात होता. मूठ तोंडाशी नेली आणि थांबला.

“ऑर्डर आली म्हंजे हितं कोण बघणार?” तो म्हणाला. “यंदा येतीया बघ. तुझ्याबिगर घोडीला हात कोण लावणार गं?”

मी खूश झाले. आजही मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच, की मी खूश झाले. संध्याकाळी बाहेर जाऊन मॅडमना कारण न सांगता नकार कळवला आणि परत येताना पेढे घेऊन आले.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीन बंद असतात. सगळ्या धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून दादा स्वतः ताट घेऊन फिरतो आणि एकेका मशीनला हळद-कुंकू लावतो. घोडीला सगळ्यात मोठी माळ. ऑर्डर न येता खंडेनवम्या येत राहिल्या, घोंगडं भिजत पडलं, तरी माळ चुकली नाही.

यंदाच्या खंडेनवमीला दादाचा हवाई दलातला एक दोस्त पलूसहून प्रसादाला आला होता. निवृत्तीनंतर तो त्या दक्षिणेकडच्या कारखान्यात काही वर्षं होता. घोडीवरची माळ बघून तो हसायला लागला.

“आवं ताई, हिला अजून हार घालताय व्हय?”

“ऑर्डर यायची आहे,” मी म्हटलं.

“कसली ऑर्डर? त्ये इमान कवाच बंद झालं. तिकडच्या शेडमदी झाकून ठिवल्यात नमुनं. दोन दिवाळ्या हून गेल्या त्येला.” मग त्यानं शेडच्या दुसऱ्या टोकाकडे हात केला. “दादाला इचारा की. म्याच फोन केल्ता त्येला, त्याच आठवड्यात.”

माझ्या डोक्यात मॅडमचा दुसरा फोन लगेच आला. तो गेल्या दिवाळीनंतरचा. म्हणजे भडंगाची मूठ थांबली तेव्हा दादाला माहीत होतं.

दादा ताट घेऊन एकेक मशीन करत आमच्याकडे येत होता. दोस्ताकडे बघून त्याला काय ते कळलं. तरी तो आला, वाकला आणि घोडीला हळद लावली.

“तुला कवापासनं म्हाईत हाय?” मी विचारलं.

त्यानं कुंकू लावलं.

“दादा, मी इचारलं तवा तुला म्हाईत हुतं?”

“सांगितलं आस्तं तर तू गेली आस्तीस,” तो म्हणाला. “मग हितं काय ऱ्हायलं आस्तं? तुझ्या सहीवर तर काम येतंय समदं.”

शत्रूनं वार केला तर माणूस निदान सावध असतो. हा केसानं गळा कापलेला, आणि कापणारा हळदीच्या बोटांनी समोर उभा. जमिनीचा कंप कळणारी मी, पाठीमागचा माझा भाऊ मला कळला नाही.

आमच्या शेडचा एक नियम आहे. नापास मालाला तांबडा रंग लावायचा. एकदा तांबडा लागला की तो भंगार, मालकानं म्हटलं तरी पुसायचा नाही. हा नियम दादाचाच. खंडेनवमीला हत्यार उचलत नाहीत, पण ब्रश काही हत्यार नव्हे. मी टेबलाखालून डबा काढला, घोडीवरची माळ उतरवली आणि हळद-कुंकवावरूनच तांबडा पट्टा ओढला.

“आगं, पूजा केलीया तिची!” दादा ओरडला.

“मेल्याली कवाच हुती,” मी म्हटलं. “तू तेवढी जिती दाखवलीस.”

पोरं पेढे हातात धरून उभी राहिली. कुणी खाल्ला नाही.

बाहेर जाऊन मी मॅडमना फोन लावला. त्या चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, ती जागा तेव्हाच भरली, आता घ्यायचं म्हटलं तर वयाची अट आडवी येते, तेव्हाच यायला हवं होतंत. मी म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी दादा माझ्या खोलीवर सोनं घेऊन आला. आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं आणि दरवर्षीसारखा उजवा पाय जरासा पुढे केला, मी नमस्काराला वाकावं म्हणून. इतकी वर्षं तो पाय पुढे आला की मी वाकत आले होते. मी पान मुठीत घेतलं आणि ताठ उभी राहिले. तो वाट बघत राहिला. त्याचा पाय तिथेच होता, आणि माझ्याकडचं काहीच हललं नाही.