कंट्रोलरावांचा बाण

आमच्या बिलिंग विभागात त्यांना सगळे कंट्रोलराव म्हणत. पाण्याचे पंप विकणारी कंपनी आमची. दिवसभर बिलं करायची, आणि बिलं करता करता माऊसचा बाण पडद्यावर कुठेतरी हरवायचा. मग माणसं माऊस गरागरा फिरवत बसायची. कंट्रोलरावांनी शिकवलं, की माऊसच्या सेटिंगमध्ये एका चौकोनात खूण करून ठेवायची. मग नुसतं कंट्रोलचं बटण दाबलं की बाण असेल तिथे वर्तुळ उमटतं आणि आवळत आवळत त्याच्यावर येऊन थांबतं. या एका युक्तीवरून नाव पडलं. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

तसं त्यांच्याकडे पुष्कळ होतं. अक्षर बारीक वाटलं तर कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह. एकामागून एक बऱ्याच गोष्टी कॉपी करायच्या असतील तर विंडोजचं बटण आणि व्ही, म्हणजे आधीची कॉपीही हाताशी राहते. पांढऱ्या पडद्याने डोळे दुखत असतील तर काळ्यावर पांढरी अक्षरं. गोदामाचे स्टोअरकीपर आठवड्यातून एकदा तरी येत.

"कंट्रोलराव, माझा कॉम्प्युटर रुसलाय."

"रुसला नाही, अजीर्ण झालंय त्याला. डाऊनलोडचं फोल्डर शेवटचं कधी उघडलंत?"

"असं काही फोल्डर असतं होय?"

"लग्नाचे फोटो असतील बघा त्यात. तेही दुसऱ्याच्या."

लोक हसत, कंट्रोलराव उठून स्टोअरकीपरांच्या टेबलाकडे जात आणि काम करून परत येत. चालताना ते नेहमी भिंतीला धरून चालत. मला ती सवय वाटायची.

एकदा कुणीतरी कागदाची खोकी बोळात ठेवली. कंट्रोलराव समोर बघत सरळ चालत आले आणि त्या खोक्यांवर पालथे पडले. मी उचलायला गेलो. गुडघा फुटला होता. त्यांना मी जिन्याजवळच्या बाकावर बसवलं.

"एवढी मोठी खोकी दिसली नाहीत?"

त्यांनी गुडघ्यावर रुमाल दाबला. मग म्हणाले, "काचबिंदू आहे. कडेचं, पायाखालचं सगळं गेलंय. समोरचं तेवढं दिसतं, नळीतून बघावं तसं. नळीही बारीक होत चाललीय."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"गेलेलं परत येत नाही म्हणतात. थेंब घालायचे आणि उरलेलं जपायचं. बायकोला माहीत आहे, आता तुम्हाला. षट्कर्णी करू नका."

"साहेबांना सांगून टाका. दुसरं काम देतील."

"देतील की. फोनवर बसवतील, नाहीतर घरी. घरी बसलो की मी आंधळा. इथे आहे तोवर कंट्रोलराव."

त्यानंतर त्यांच्या एकेका युक्तीचा अर्थ लागत गेला. बाण हरवायचा तो त्यांचा. डोळे दिपायचे ते त्यांचे. माऊस सोडून सगळं बोटांनी करायची हौस नव्हती, गरज होती. स्वतःसाठी जे शोधून काढावं लागलं, ते त्यांनी सगळ्या विभागाला वाटून टाकलं होतं. सगळेच तसं करू लागले, तेव्हा त्यांचं करणं वेगळं दिसेना.

मग कंपनीने नवीन प्रोग्रॅम घ्यायचं ठरवलं. जुना बटणांवर चालायचा. कंट्रोलरावांची बोटं त्यावर हार्मोनियमसारखी फिरत. नव्यात सगळी चित्रं, आणि महत्त्वाची बटणं नेमकी पडद्याच्या कोपऱ्यांत. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "शिकवायला बाहेरचं माणूस कशाला? आपल्या घरचा मास्तर आहे. पंधरवड्याने मीटिंगच्या खोलीत प्रोजेक्टरवरून भिंतीवर दाखवतील सगळ्यांना." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कंट्रोलरावही हसले.

जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याकडे आले. "वाचून दाखवाल का? काय कुठे आहे तेवढं सांगा."

आम्ही डबे बाजूला सारून बसू लागलो. टॅबचं बटण दाबत गेलं की पडद्यावरच्या एका चौकोनातून पुढच्या चौकोनात जाता येतं, माऊस लागत नाही. मी वाचत गेलो, ते पाठ करत गेले. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, पंपाचा क्रमांक, नग, सवलत, रक्कम. काही दिवसांनी त्यांनी पडद्याकडे न बघता, खिडकीकडे तोंड करून एक अख्खं बिल केलं.

"तपासा."

मी तपासलं. चूक नव्हती.

"बघा, निभावेल," ते म्हणाले. मलाही खरं वाटलं.

ठरल्या दिवशी प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीची एक मुलगी आली होती. चटपटीत आणि हसतमुख. सुरुवातीलाच म्हणाली, "काका, कालच थोडं अपडेट केलंय. काही चौकोन इकडचे तिकडे केलेत. दिसायला आणखी सोपं झालंय." कंट्रोलरावांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मला वाटलं, आता उठून काहीतरी सबब सांगतील. ते बसून राहिले.

गिऱ्हाइकाचं नाव बरोबर पडलं. पत्ताही. मग पंपाचा क्रमांक सवलतीच्या चौकोनात गेला आणि भिंतीवर भली मोठी रक्कम उणे चिन्हासकट उमटली.

स्टोअरकीपर म्हणाले, "कंट्रोलराव, आज पंपही देताय आणि वर पैसेही?"

खोलीभर हशा पिकला. कंट्रोलरावांनी कंट्रोलचं बटण दाबलं. भिंतीवर वरच्या बाजूला वर्तुळ उमटलं, आवळलं, नाहीसं झालं. त्यांनी परत दाबलं. मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत होती, अंधारात काडेपेटी चाचपावी तशी. एकेकाचं हसणं थांबलं.

"काका, उजवीकडे वर. लाल बटण."

"कुठे?"

"वर हो. आणखी. काका, हे काय, इथेच तर आहे." तिने भिंतीवर हात ठेवला. कंट्रोलराव तिच्या हाताच्या भलत्याच बाजूला बघत होते.

त्यांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. "मला दिसत नाही," ते म्हणाले. एखादी युक्ती सांगावी त्याच आवाजात. "बरेच दिवस झाले, दिसत नाही."

साहेब माणूस वाईट नव्हता. नंतर केबिनमध्ये म्हणाला, "आधी बोलायचं होतंत." मग त्यांना गिऱ्हाइकांच्या तक्रारींच्या फोनवर बसवलं. पण तक्रार ऐकून बिल उघडायला पडदा तोच होता. शेजारच्या माणसाला दरवेळी "जरा बघता का" म्हणावं लागे, आणि तो माणूस आधी हौसेने, मग नाइलाजाने बघे. कंट्रोलरावांनी स्वतःच राजीनामा दिला. नोकरीला माझ्यानंतर लागलेला माणूस माझ्याआधी घरी गेला.

सुरुवातीला विभागातून त्यांना फोन जात. कुणाची फाईल सापडत नसे, कुणाचा प्रिंटर अडे. पण नवीन प्रोग्रॅममध्ये दर महिन्याला काहीतरी बदले, त्यांचं पाठांतर मागे पडत गेलं. फोन थांबले.

परवा भेटायला गेलो होतो. मी आत शिरताच वहिनींनी वाटेतलं स्टूल पायाने भिंतीकडे सारलं. कंट्रोलराव रेडिओजवळ बसले होते. नळी आता जवळजवळ मिटलीय, वहिनी दारातच म्हणाल्या होत्या. ऑफिसच्या गप्पा चालल्या होत्या तेवढ्यात शेजारच्या बाई फोन घेऊन आल्या.

"भाऊजी, फोन भरलाय म्हणतो. नातीचा फोटोच काढू देत नाही."

कंट्रोलराव ताठ बसले. आवाज एकदम पूर्वीचा झाला. "फोटो कुठलेच पुसू नका. आधी सेटिंगमध्ये जा. स्टोरेज म्हणून लिहिलेलं शोधा."

"बरं. गेले. आता?"

"काय काय लिहिलंय, वाचा."

"पुष्कळ आहे हो. बारीक बारीक."

"एकेक वाचा. घाई नाही."

"एक गोल चित्र आहे... त्याच्याखाली काहीतरी इंग्रजी..."

"काय इंग्रजी? पहिलं अक्षर सांगा."

बाईंनी दोन-तीनदा डोळे बारीक केले. मग फोन त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच बघा ना, भाऊजी."

त्यांनी फोन नाकापर्यंत नेला. तिरका केला, सरळ केला. मी हात पुढे करणार तोच स्वयंपाकघराच्या दारातून वहिनींनी मानेनेच नको म्हटलं. बाईंना आपण काय बोललो ते कळलं असावं; त्या जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या.

"दुकानात दाखवा," कंट्रोलराव म्हणाले. "तिथे लगेच करून देतील."

त्यांनी फोन पुढे केला. बाई तोवर दुसऱ्या बाजूला सरकल्या होत्या. त्यांनी वळसा घालून तो घेतला, बरं म्हणाल्या आणि गेल्या.

"सोपं होतं ते," कंट्रोलराव मला म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

वहिनींनी चहा आणला. कप त्यांच्या हातात दिला, आणि त्यांची बोटं कपाच्या कानावर नीट बसेपर्यंत आपला हात सोडला नाही.