दुकानात आलेला माग

कळंबजवळच्या एका रिसॉर्टचं नवं बांधकाम निघालं आणि तिथे शोभेसाठी मांडलेला हातमाग कुणी फुकट नेतंय का, अशी चौकशी आत्याच्या कानावर आली. आत्या गणिताची निवृत्त शिक्षिका. तिने मला लगेच फोन केला. "टेंपो सांग गं. आपला माग घरी आणायचाय."

आपला कसला! आम्ही साळी खरे, पण माझ्या पाहण्यात घरात कुणी आडवा धागा ओवणारा धोटा हातात धरलेला नाही. खापरपणजोबा खालापूरकडे लुगडी विणायचे. मग आगगाडीने विलायती कापड आलं आणि त्यांना नुसतं सूत ज्या भावाने पडायचं त्याच भावात बाजारात अख्खं लुगडं मिळू लागलं. शेजाऱ्यांचे माग एकेक करत चुलीत गेले, शेवटी त्यांचाही गेला. मग त्यांनी तेच विलायती कापड पाठीवर घेतलं आणि कडावच्या बाजूला दारोदार विकलं. त्या गठ्ठ्याचं पुढे कर्जतच्या बाजारात दुकान झालं. आज तिथे गल्ल्यावर बाबा बसतात आणि मापं मी काढते.

टेंपोत आत्या पुढे बसायला तयारच होईना. मागे, मागाला मिठी मारून उभी राहिली. पदर झेंड्यासारखा फडफडत होता आणि ती दिसेल त्याला हात करत होती. मला हसून हसून उचकी लागली.

दुकानात माग मावेना. बनियनची खोकी हलवली, दोन पुतळे बाहेर फुटपाथवर काढले. बाबा चिडले. "ज्या कामानं आपल्याला उपाशी मारलं, ते पुन्हा दारात?"

"कामानं नाही रे दादा, विलायती कापडानं मारलं," आत्या म्हणाली. "त्याची भावंडं तू शोकेसमध्ये मांडून बसलायस."

बाबा पेपरमागे गेले.

मागावर अर्धवट विणलेलं कापड तसंच होतं, पण बरेच उभे धागे तुटलेले. समोरच्या टेलरच्या बायकोला आम्ही भाभी म्हणतो. तिचं माहेर मालेगावचं. ती शिवण टाकून आली. "आमचे नाना विणायचे. गाठी मारता येतात मला, पुढचं अल्ला जाणे," म्हणत तिने धागे जोडले. पुढचं आम्हा तिघींनाही येत नव्हतं. आत्याने पायाखालच्या पावड्या दाबल्या, धोटा फेकला, तो सुसाट सुटला आणि थेट बाबांच्या पेपरमधून आरपार गेला. भोकातून बाबांचा एक डोळा दिसत होता. भाभी जमिनीवर बसून हसायला लागली. आधी बाबा हसले नाहीत. मग त्यांनाही आवरेना.

पुढचे कितीतरी दिवस दुपारी गिऱ्हाईक नसलं की आमचा खटखटाट चाले. अखेर एक पंचा निघाला. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद, मधे पोट सुटलेला. आम्ही तिघींनी तो धरून दुकानात फेर धरला.

तेवढ्यात कडावचे एक ओळखीचे काका पंचा घ्यायला आले. आत्याने ऐटीत आमचा पुढे केला. त्यांनी तो चाचपला, उजेडात धरला. "हाताचा हाय?"

"हाताचा!" आम्ही एका सुरात ओरडलो.

"चांगला हाय. पन मला परवडायचा नाय गं बाय. तो गिरनीचा दे."

बाबांनी मुकाट्याने गिरणीचा काढून दिला. खापरपणजोबांच्या ओट्यावरूनही असंच, 'चांगलं आहे' म्हणत, एक एक माणूस उठून गेलं असणार.

"अगं, मी किंमत सांगितलीच कुठे होती?" आत्या म्हणाली.

खरंच की! आधी भाभी फिस्सकन हसली, मग मी, मग काकाही. बाबांनी आमचा वाकडा पंचा खांद्यावर टाकला आणि काकांना घेऊन चहाला गेले. आत्या पुन्हा मागावर जाऊन बसली.