यादी दहा नावांवर संपली नव्हती

मित्रांनो, आज सकाळी पलासियाच्या एका दवाखान्यात वहिनीच्या ऑपरेशनसाठी ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. मोबाईलवर रक्तदात्यांची यादी उघडली. दहा नावं दिसली. दहाही जणांना फोन लावले, कोणीच येऊ शकत नव्हतं.

गावच्या शाळेत यादी भिंतीवर लागायची; कागद संपला की यादी संपली. मी दादाला सांगितलं, यादी संपली. मी डोळे मिटून नाम घेत राहिलो.

अर्ध्या तासाने शेजारी बसलेल्या बाईंनी माझा फोन पाहिला. "भाईसाब, बोट वर सरकवा ना, नीचे और नाम आते हैं!"

खरंच आले. तेरावा माणूस छत्रीबागेचा. म्हणाला, "पोहे सोडून निघालो, भिया."

वहिनी आता शुद्धीवर आहे. तो अर्धा तास मात्र मला सोडत नाही. तुमच्या घरच्या मोठ्यांना हे कोणी दाखवलंय का?