महिपतचं अंगण आणि निळी फियाट

महिपत पंचवीस वर्षं मुंबईत टॅक्सी चालवून चौऱ्याऐंशी साली रत्नागिरीला परतला, तो आपली जुनी फियाट घेऊनच. तिला त्यानं निळा रंग दिला होता, पण दार उघडलं की आतून टॅक्सीचा पिवळा डोकावायचा. आळीतल्या बायकांनी तिला ओवाळलं. मी उभं आयुष्य नाटकात राण्यांची कामं केलेला माणूस. मागच्या सीटवर बसून सवयीनं दोन्ही बाजूंना हात हलवत आळीभर फिरून आलो.

पुढे महिपत पायांनी चालायचंच विसरला. दीडशे पावलांवर मासळीबाजार, तिथेही गाडी. न्हाव्याकडे गाडी. आळी गाडीपेक्षा जेमतेम हातभर रुंद. गाडी आली की चालणाऱ्यानं कुणाच्या तरी पायरीवर चढायचं आणि ती जाईपर्यंत त्या घरात चहा घ्यायचा. शेजारच्या गंगुबाईनं मे महिन्यात वाटेवर आमसुलं वाळत घातली, तर महिपतनं हॉर्नवरचा हात काढला नाही.

"गंगुबाई, चटई उचल. रस्ता गाड्यांसाठी असतो."

"अरे, ही वाट तुझ्या गाडीच्या आधीपासून हाय," गंगुबाई म्हणाली. "आणि मीपण."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

मग गाडीला सावली हवी म्हणून महिपतनं पुढच्या कुंपणाचा चिऱ्यांचा गडगा पाडला, तुळस परसात नेली आणि सारवलेल्या अंगणावर सिमेंट ओतून वर पत्रे घातले. बायको राही एवढंच म्हणाली, "आता मी दाणे निवडायला बसू कुठं? डिकीत?"

पण महिपत माणूस वाईट नव्हता. आळीतल्याच चिमाला अवघडलेल्या अवस्थेत इस्पितळात त्यानंच पोचवलं, तेही भर पावसात, धोतराला गाठ मारून.

आता शिमग्याचं सांगतो. ग्रामदेवतेची पालखी आमच्याकडे घरोघर येते, अंगणात टेकते आणि घरची बाई ओटी भरते. महिपतनं मुंबईच्या पंचवीस वर्षांत एकही शिमगा चुकवला नव्हता. एकदा तर अंगात ताप घेऊन आला होता. कायमचं घरी आल्यानंतरचा हा त्याचा पहिला शिमगा. पहाटे उठून त्यानं गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, बॉनेटवर चौरंग मांडून त्यावर नवं वस्त्र अंथरलं. देवी आपल्या गाडीवर बसणार, या आनंदात तो दारात हात जोडून उभा.

ढोल वाजत पालखी आली. पुढे मानकरी भागोजी. त्यांनी चौरंग पाहिला, गाडी पाहिली, आणि ढोल थांबवायला हात वर केला.

"महिपत, हे काय?"

"देवीसाठी, भागोजीकाका. मऊ जागा केलीय."

"देवी गाडीवर बसवतोस? देवी जमिनीवर टेकते रे. तुझी जमीन कुठं हाय?"

महिपतनं खाली पाहिलं. सिमेंटवर तेलाचे काळे डाग पसरले होते. "थांबा, गाडी बाहेर काढतो," तो म्हणाला.

"कुठून काढशील? आळीत आम्ही उभे हाव. आणि निघालेली पालखी मागे वळत नाय. काढलीस तरी ह्या तेलात टेकवू काय?"

राही ओटीचं ताट घेऊन दारात उभी होती. भोयांनी खांदे बदलले. आता पालखी पुढच्या घरी जाणार, म्हणजे गंगुबाईकडे. महिपतचं घर वगळलं जाणार.

महिपत वळला. शेजारच्या सारवलेल्या, रांगोळी घातलेल्या अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्यानं तिला हाक मारली.

"गंगुवैनी, आमची ओटी तुमच्या अंगणात भरली तर चालेल?"

गंगुबाईनं त्याला चांगलं दोन श्वास ताटकळत ठेवलं. रंगमंचावर एवढा थांबा घ्यायला मला दहा वर्षं शिकावं लागलं होतं.

"राहीला ये म्हणावं," ती म्हणाली. "तू हॉर्न न वाजवता ये."

पालखी टेकली. राहीनं आधी ओटी भरली, मग गंगुबाईनं. महिपत परक्या अंगणात डोकं टेकवून बराच वेळ उठला नाही.

शिमगा सरल्यावर त्यानं पहार घेतली आणि आठ दिवस सिमेंट फोडलं. माती घातली, चोपण्यानं बडवली. ती एकसारखी होईना, तेव्हा गंगुबाईनं त्याच्या हातातून चोपणं काढून घेतलं आणि ते कसं धरतात ते दाखवलं. गाडी आळीच्या तोंडाशी, आंब्याखाली गेली. लांजा, संगमेश्वर, आजारपण, बाळंतपण, एवढ्यालाच ती निघायची. बाजारात महिपत चालत जाऊ लागला, तेव्हा आळीत कोण कोण राहतं ते त्याला कळलं.

पुढच्या शिमग्याला पालखी त्याच्याच अंगणात टेकली. घरं आटोपल्यावर भागोजी गुडघा चोळत म्हणाले, "महिपत, तेवढा गाडीनं घरी सोड रे. इथंच आण दाराशी."

"गाडी आंब्याखाली हाय, काका," महिपत म्हणाला. "तिथवर माझा हात धरा. मग सोडतो."