ओफिस, आफीसु, हापिस

दुष्काळाचं साल होतं. सिरसाळ्याहून धारूरला जाताना एसटीत शेजारी एक ऊसतोडीची बाई बसली. सहकारी कारखान्यांमागं हिंडून तिनं तीन राज्यं बघितली होती. ओठांवर बोट गोल फिरवत म्हणाली, "आपलं 'हापिस' गुजरातेत 'ओफिस' हुतं, कर्नाटकात 'आफीसु'. तिथल्यावानी बोललं की दारातून हाकलत न्हाईत. लेकीला ताप आलता, तवा असं बोलूनच म्या कारखान्याची गाडी मिळवली."

मी थक्कच झालो. "मग आपलं हापिस?"

"ते हितंच ठिवून जाते की!"

फाट्यावर उतरताच रिकाम्या घागरींची रांग बघून ती ओरडली, "ट्यांकर आला का गं?"

तो 'ट्यां' चोख आमच्या बीडचा होता. बाई घरी पोचली होती.