दाराजवळची जागा

१५ मे १९७७, रविवार. वर्गणी माणशी अकरा रुपये. हजर होतो आम्ही तेवीस जण, १९५२ साली मॅट्रिक झालेल्या वर्गातले, आणि आमचे गणिताचे सर. वर्गणी मात्र चोवीस जणांची जमली होती, दोनशे चौसष्ट रुपये. चोविसावी माझ्या मित्राची. तो येणार नाही असं म्हणाला होता, तरी त्याच्या नावानं मी भरली.

तो आणि मी जालन्याबाहेरच्या एकाच वस्तीतले. बौद्ध झालो ते मॅट्रिकनंतर चार वर्षांनी. त्याआधी जे होतो त्याप्रमाणे वर्गात आमची जागा ठरलेली होती. सगळ्यांच्या बसायच्या टाटपट्ट्या संपल्या की हातभर फरशी मोकळी, आणि तिच्यापलीकडे, दाराला लागून, पट्टीचा एक तुकडा. त्यावर आम्ही दोघं. हजेरीतही शेवटीच, मी एकतीस आणि तो बत्तीस. शाळेची सगळी वर्षं लिहिताना माझं कोपर लागलं ते फक्त त्याच्या कोपराला.

पुढं तो टेंभुर्णीला प्राथमिक शाळेत शिक्षक झाला. मी अंबडला तालुक्याच्या कचेरीत हिशोबाच्या टेबलावर लागलो आणि तिथंच राहिलो. त्या टेबलावर मी बसलो त्याला कारण सर होते, निदान मी तसं धरून चाललो होतो. नववीत त्यांनी मला फळ्यापाशी बोलावून चक्रवाढ व्याजाचं गणित करायला लावलं होतं. ते बराबर आलं तेव्हा सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "एकतीस, तुझा हात हिशोबाला चालतो." घरात कोणी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. काय व्हायचं हे सांगणारं कोणी नव्हतं. ते एक वाक्य मी धरून ठेवलं. नोकरी लागल्यावर सरांना जाऊन सांगायचं होतं, पण त्यांची बदली झाली होती, मग लग्न, मुलं, आईचं आजारपण, आणि पंचवीस वर्षं गेली. म्हणून या मेळाव्याचं कार्ड आलं तेव्हा मी बायकोला म्हणालो, बाकी कोणी भेटो न भेटो, सरांनी मला ओळखलं म्हणजे झालं.

कार्ड पाठवणारा आमच्या वर्गातलाच, जुन्या जालन्यात त्याचं कापडाचं दुकान. वर्गात तो पहिल्या रांगेत बसायचा. त्यानं मला लिहिलं होतं की हिशोब तू लिही, पैसे मी सांभाळतो. मी होकार कळवला. एप्रिलात जयंतीला मित्र भेटला तेव्हा त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "तू जा. मला माझी जागा पाठ हाये." मला वाटलं, दिवस जवळ आला की येईल. म्हणून त्याचे अकरा रुपये भरून ठेवले.

कार्यक्रम शाळेतच होता. सुट्टी असल्यानं हेडमास्तरांनी आमचा जुना वर्ग उघडून दिला होता. आता वर्गात बाकं आली होती, पण ती बाहेर काढून व्हरांड्यात रचली होती आणि फरशीवर सतरंज्या घातल्या होत्या. कोणी टक्कल पडलेला, कोणी पोट सुटलेला. मला बघून दोघा-तिघांनी हात मिळवला आणि काय करून राह्यलास म्हणून विचारलं. मी कचेरीचं सांगितलं. त्यातल्या एकानं लगेच त्याच्या सातबाऱ्याचं एक काम सांगितलं. ते माझ्या टेबलाचं नव्हतं.

सरांना त्यांचा जावई टांग्यातून घेऊन आला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड कुठं आहे एवढं कळायचं, माणूस कळायचा नाही. तेव्हा कापडवाल्याला एक गोष्ट आठवली. सर हजेरी घेताना कधी मान वर करायचे नाहीत. आवाज कुठून आला यावरून पोरगा ओळखायचे. एकाच्या नावानं दुसऱ्यानं हाजिर म्हटलं तर न बघता पकडायचे. कापडवाला म्हणाला, आपण सगळे आपापल्या जुन्या जागेवर बसू, सर हजेरी घेतील, म्हणजे त्यांना सगळे ओळखू येतील.

सगळ्यांना ते फार आवडलं. मलाही आवडलं असतं. चाळिशीतली माणसं एकमेकांना ढकलत जागा शोधायला लागली. हा माझा खांब, तू खिडकीशी, तू तर माझ्या मागं बसून टपल्या मारायचास. सतरंज्या दारापर्यंत पोचल्या नव्हत्या. दाराजवळ नुसती फरशी होती.

मी कागद आणि पेन हातात धरून उभा होतो. दाराशी बसलो तर सर मला ओळखणार होते. दुसरीकडे कुठंही बसलो तर नाही. त्या क्षणी माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि मुद्दाम कोणी काही करत होतं असंही नाही. त्यांच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. दुसऱ्या रांगेत एक जागा रिकामी होती. तिथं बसणारा आता हैदराबादला असतो, तो आला नव्हता. मी तिथं जाऊन बसलो. शेजारच्यानं सरकून जागा दिली. "बस की बिनघोर," म्हणाला.

सरांनी एकपासून सुरुवात केली. निजामाच्या काळापासूनच्या सवयीनं आम्ही हाजिर म्हणत होतो. प्रत्येक आवाजाकडे सर मान वळवायचे आणि काहीतरी बोलायचे. एकाला विचारलं, अजून नखं खातोस का. एकाला म्हणाले, तुझ्या बापानं मला एकदा गूळ आणून दिला होता, चांगला होता. कापडवाल्याला म्हणाले, तू अजून सगळ्यांच्या आधी बोलतोस. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. जे आले नव्हते त्यांचं कोणीतरी सांगत होतं, हा पुण्याला, हा वारला.

"एकतीस," सर म्हणाले, आणि म्हणतानाच त्यांनी तोंड दाराकडे केलं. बाकी कोणासाठी त्यांनी आवाजाच्या आधी मान वळवली नव्हती.

मी म्हणालो, "हाजिर."

सर दाराकडेच बघत राहिले. "हे कोण बोललं? एकतीस दाराशी बसतो."

हसणं थांबलं. शेजारचा सतरंजीचा दोरा ओढायला लागला. कापडवाला उभा होता, त्यानं एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग खाली.

मी म्हणालो, "मीच आहे सर. आज दुसऱ्या रांगेत बसलोय."

सर माझा आवाज शोधत होते. सापडला असावा, कारण मान थोडी माझ्या बाजूला आली. "बरं," म्हणाले. गूळ नाही, नखं नाही, आणखी काही नाही. मग बत्तीस म्हणाले आणि पुन्हा दाराकडे वळून थांबले. मी सांगितलं, तो आला नाही.

जेवणाला पंगत बसली तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंनी बसायला चढाओढ झाली. एकजण आग्रह करून करून माझ्या ताटात वाढायला लावत होता. कामाचं सांगणारा म्हणाला, ते सातबाऱ्याचं राहू दे. सगळे माझ्याशी इतकं चांगलं वागत होते की मला केव्हा एकदा उठतो असं झालं.

सर खुर्चीवर बसून सावकाश खात होते. मी त्यांच्याजवळ गेलो, कोण ते सांगितलं, नोकरीचं सांगितलं, आणि नववीतलं ते गणित सांगितलं. त्यांनी विचार केला. चक्रवाढ व्याज तर मी सगळ्यांनाच फळ्यावर करायला लावायचो, म्हणाले. वाक्य त्यांना आठवत नव्हतं. मग माझा हात चाचपून धरला आणि हळूच म्हणाले, "तुम्हा दोघांना मीच बसवलं होतं दाराशी. तिथं उजेड चांगला पडायचा. हुशार पोरांना उजेड पाहिजे."

सर आमच्या शाळेत आले ते आम्ही आठवीत असताना. दाराजवळचा तो पट्टीचा तुकडा आम्ही पाचवीत आलो तेव्हा शिपायानं घालून ठेवलेला होता. सरांनी तो तिथं घातला नव्हता आणि उचललाही नव्हता. मी म्हणालो, "हो सर, उजेड चांगला होता." त्यांनी मान हलवली आणि भात कालवायला घेतला.

निघताना कापडवाला माझ्याबरोबर फाटकापर्यंत आला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. शेवटी खिशातून दहाची आणि एकची नोट काढून माझ्या हातात कोंबली. "तो आलाच न्हाई ना, मंग त्याचं ताट कशाला धरायचं," म्हणाला. मी हिशोबात तेवढे कमी करून कागद त्याच्याकडे दिला.

पुढच्या रविवारी मी टेंभुर्णीला गेलो. मित्र घरासमोर खाटेच्या सुतळ्या आवळत बसला होता. अकरा रुपये पुढं केले तर म्हणाला, "म्या दिलेच न्हाई, तर घेऊ कसे?" आम्ही बस थांबते तिथल्या चहाच्या टपरीवर गेलो. बाकड्यावर शेजारी बसलो. मी सगळं सांगितलं. हजेरीपर्यंत आलो तेव्हा त्यानं विचारलं, "मंग तू बसलास कुठं?"

"मधी."

"वळखलं का सरांनी?"

"दाराशी शोधत होते."

उजेडाचं सांगितलं तेव्हा तो फक्त नाकातून हसला. मग म्हणाला, "माझ्या वर्गात मी दर सोमवारी जागा बदलून टाकतो. हेडमास्तर म्हणतात गोंधळ होतो. होऊ द्या म्हणलं."

बसला वेळ होता, पण त्याला सुतळ्या आवळून संध्याकाळी पाहुण्यांकडं जायचं होतं. तो गेल्यावर मी बाकड्यावर एकटाच बसून राहिलो. बस आली तेव्हा त्या अकरा रुपयांतल्या एकच्या नोटेतून दोन चहाचे साठ पैसे टपरीवाल्याला दिले. दहाची नोट कंडक्टरला दिली.